आईबापांचा एक्स-रे दाखवा

सांगोल्याच्या बाजारात खिल्लार खोंड विकत घेणारा शेतकरी काय करतो, हे एकदा उभं राहून बघा. आधी तो लांबूनच न्याहाळतो. मग जवळ जातो, दात बघतो, खुरं बघतो, पाठीवरून शेपटीच्या मुळापर्यंत हात फिरवतो. आणि मग म्हणतो, "चालवून दाखव." खोंड चालायला लागला की हा मागे जाऊन उकिडवा बसतो. मागचे पाय सरळ पडतात की फाकतात, एका अंगावर भार जातो का, वळताना कंबर डुलते का, हे बघतो. तेवढ्यानंही त्याचं समाधान होत नाही. वळू कुणाचा होता? गाय अजून दावणीला आहे का? तिचं आधीचं वेत कसं निघालं? घामाचा पैसा मोजायचा असतो, म्हणून तो विचारतो. खाण तशी माती हे त्याला कुणी शाळेत शिकवलेलं नसतं.

आपण शहरातली शिकलेली माणसं वीस-पंचवीस हजार रुपये मोजून उंची जातीचं पिल्लू घ्यायला जातो आणि यातलं काहीही करत नाही. पिल्लू मांडीवर येतं, बोट चोखतं आणि व्यवहार तिथेच संपतो. आई कुठे आहे? "आत आहे, पिल्लांची आई ना, आता चावेल." बाप? "बाहेरचा नर होता, चॅम्पियन लाइन." मोबाइलवर एक फोटो दाखवला जातो. आपण पैसे देतो आणि पिल्लू शालीत गुंडाळून घरी आणतो.

मीही हेच केलं. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असताना आम्ही जर्मन शेफर्डची दीड महिन्याची मादी आणली. लेकीनं नाव ठेवलं बिजली. सात महिन्यांची झाली तेव्हा ती पळताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या मारायची. आम्हाला ते गोड वाटायचं. त्याचे व्हिडिओ अजून माझ्याकडे आहेत, पण मला ते बघवत नाहीत. दहाव्या महिन्यात ती जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकायला लागली. हट्टी झाली, असं आम्ही म्हटलं. पट्टा धरून तिला ओढलं. ती मुकाट्यानं आली, कारण ती बिजली होती आणि आम्ही तिची माणसं होतो.

एक दिवस ती उठलीच नाही. जुन्या सोलापुरी चादरीची झोळी करून, अठ्ठावीस किलोचं ते जनावर आम्ही दोघांनी तीन मजले खाली उतरवलं. डॉक्टरांनी गुंगीचं औषध देऊन तिला पाठीवर निजवलं, मागचे पाय सरळ ताणून एक्स-रे काढला आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही उखळी बघा. खोल हवी. हिची बशी झालीय."

त्या संध्याकाळी मी ब्रीडरला फोन केला. उत्तर तयार होतं. "ताई, आमच्याकडे पिल्लू एकदम फिट होतं. तुमच्या फरशीमुळे झालं. पेपर क्लिअर आहेत." मी पेपर काढून बघितले. खरंच क्लिअर होते. तीन पिढ्यांची नावं होती, एकाआड एक चॅम्पियन. त्या नावांतल्या एकाही कुत्र्याचा खुबा कसा होता, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत मी बिजलीच्या दोन भावंडांची घरं शोधून काढली. त्यातला एक भाऊ लंगडत होता. आणि त्याच ब्रीडरनं तोपर्यंत तीच जोडी पुन्हा लावली होती. त्या वेताची पिल्लं विकली जात होती.

बिजली सात वर्षांची असताना गेली. शस्त्रक्रिया, गोळ्या, वजनावर ताबा, सगळं झालं. मी हे लिहिते आहे ते त्या दुसऱ्या वेतासाठी आणि त्यानंतरच्या प्रत्येक वेतासाठी.

या विकाराला हिप डिसप्लेशिया म्हणतात. कुत्रेवाल्यांच्या बोलण्यात तो नुसता 'एचडी' असतो. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या उखळीत बसतं आणि पाय फिरतो. कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा हा सांधा चांगलाच असतो. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक इथून सुरू होते. ज्या पिल्लात दोषाचं बीज असतं त्याचा सांधा पहिल्या काही आठवड्यांत सैल पडू लागतो. पिल्लू वाढतं, वजन वाढतं आणि प्रत्येक पावलाला हाडाचं डोकं उखळीतून थोडं बाहेर सरकतं, पुन्हा आत येतं. काठ घासतो. कूर्चा झिजते. उखळी उथळ होते, डोकं चपटं होतं. मग शरीर आपल्या परीनं तो सैल सांधा आवळायला बघतं, कडेकडेनं जादा हाड वाढवतं. तोच संधिवात. म्हणून दीड-दोन महिन्यांचं पिल्लू दुडूदुडू धावतं आणि ब्रीडर छातीठोकपणे सांगतो की पिल्लू फिट आहे. त्या दिवशी ते फिट दिसतंच. पैसे त्याच दिवशी दिलेले असतात.

खुबा हा एकच सांधा नव्हे. लॅब्रेडॉर, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड यांच्यात कोपराचा सांधाही असाच वारशानं बिघडतो आणि पुढचा पाय लंगडतो. पोमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा छोट्या जातींत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते. ते कुत्रं चालता चालता एक मागचा पाय वर उचलतं, तीन पायांवर दोन-चार उड्या मारतं, मग वाटी जागेवर बसते आणि ते पुन्हा नीट चालू लागतं. लोक त्याला 'नाच' म्हणतात. पाहुण्यांसमोर करून दाखवायला लावतात. कृपा करून त्या कुत्र्याला डॉक्टरांकडे न्या.

आता ब्रीडर मंडळींच्या दोन युक्तिवादांना उत्तर द्यायला हवं. ते रोज दिले जातात आणि त्यांत थोडं खरंही आहे.

पहिला युक्तिवाद: "आईबाप दोघंही चांगले आहेत, तरी एखादं पिल्लू असं निघतं, ते नशीब." हा दोष एका जनुकाचा नाही, अनेक जनुकांचा मिळून आहे. म्हणून रक्ताच्या एका तपासणीत निकाल लागत नाही आणि दोन निरोगी खुब्यांच्या पोटीही कधी दुखरा खुबा येतो. हे खरं. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पहिल्या पोहऱ्याला गाळ लागला नाही म्हणून आड स्वच्छ ठरत नाही. आईबापांबरोबर आजी-आजोबा, त्यांची भावंडं, आधीच्या वेतातली पिल्लं, या सगळ्यांचे खुबे माहीत असले तर आडाचा तळ दिसतो. ज्या ब्रीडरनं विकलेल्या पिल्लांची दोन वर्षांनी चौकशीच केली नाही, त्याला नशिबाचं नाव घेण्याचा अधिकार नाही. आणि "आईबाप चांगले आहेत" हे त्यानं डोळ्यांनी बघून ठरवलेलं असतं. सदोष खुब्यांची बरीच कुत्री तरुणपणी झकास चालतात. डोळ्यांना ते कळत नाही, एक्स-रेला कळतं.

दुसरा युक्तिवाद म्हणजे फरशी. हाही निव्वळ खोटा नाही. नॉर्वेत लॅब्रेडॉर, न्यूफाउंडलँड, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या जातींच्या पिल्लांचा काळजीपूर्वक पाठपुरावा करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. तीन महिन्यांच्या आत जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांना खुब्याचा धोका जास्त आढळला, आणि मऊ, उंचसखल मातीवर मोकळं हुंदडणाऱ्यांना कमी. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांना दोन-दोनांत वाटून त्यातल्या एकाला पोटभर आणि दुसऱ्याला पाव हिश्शानं कमी खायला दिलं गेलं, तेही जन्मभर. कमी खाणाऱ्यांचे खुबे कितीतरी चांगले राहिले, संधिवात उशिरा आला, आणि त्यांचं मध्यम आयुष्य ११.२ वर्षांऐवजी १३ वर्षं झालं. म्हणजे आपल्या घरातही बरंच काही आपल्या हातात असतं. गुटगुटीत पिल्लू हे कौतुकाचं लक्षण नाही. मोठ्या जातीच्या पिल्लाला औषधाच्या दुकानातलं कॅल्शियमचं सिरप स्वतःच्या मनानं पाजू नका. हॉलंडमध्ये उत्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासातून जादा कॅल्शियमनं हाडांची वाढ बिघडते, हे १९८० च्या दशकातच स्पष्ट झालं आहे. तरी आजही पिल्लाबरोबर ती बाटली हातात दिली जाते.

बिजलीला जिना चढवला, ओढून चढवला, ही माझी चूक. ती मी नाकारत नाही. पण फरशी निरोगी खुब्याला सैल करत नाही. ती सैल खुब्याचं दुखणं लवकर आणि जास्त आणते. ज्या घरात फरशी आहे, म्हणजे महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक शहरी घरात, त्या घरात जाणारं पिल्लू भक्कम खुब्याच्या आईबापांचं असणं तर जास्तच गरजेचं. फरशीकडे बोट दाखवणारा ब्रीडर नकळत हीच कबुली देत असतो.

हे सगळं नवं नाही. अमेरिकेत जेरी श्नेल या पशुवैद्यानं कुत्र्यातल्या या विकाराची नोंद १९३५ साली केली. शिकारीसाठी लॅब्रेडॉर पाळणारे उद्योगपती जॉन ऑलिन यांनी आपल्याच कुत्र्यांची ही गत पाहिली आणि त्यांच्या पुढाकारानं १९६६ मध्ये 'ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स' ही संस्था उभी राहिली. तिथे कुत्रं पूर्ण दोन वर्षांचं झाल्यावर काढलेला एक्स-रे तीन तज्ज्ञ स्वतंत्रपणे बघतात आणि सात पायऱ्यांपैकी एक पायरी देतात. ब्रिटनमध्ये १९६५ पासून अशी योजना आहे. तिथे दोन्ही खुब्यांचे मिळून शून्य ते १०६ गुण मोजतात. गुण जितके जास्त तितका खुबा वाईट. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल स्मिथ यांनी अशी पद्धत बसवली की सोळा आठवड्यांच्या पिल्लाचाही सांधा किती सैल आहे हे मोजता येतं. विज्ञानावाचून काहीही अडलेलं नाही.

आणि याचा उपयोग होतो का? न्यू जर्सीतली 'द सीइंग आय' ही संस्था १९२९ पासून अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करते. अंध माणूस ज्या कुत्र्याच्या भरवशावर रस्ता ओलांडतो, ते कुत्रं चौथ्या वर्षी लंगडायला लागलं तर कसं चालेल? म्हणून त्यांनी जोड्या लावताना खुबा पाहायचं ठरवलं आणि नातेवाईक कुत्र्यांचे निकालही हिशेबात धरले. पाच पिढ्याही पूर्ण व्हायच्या आत त्यांच्या जर्मन शेफर्डमधलं दोषाचं प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४ वर आलं, लॅब्रेडॉरमधलं ३० वरून १० वर. कुत्र्याच्या पाच पिढ्या म्हणजे एका ब्रीडरच्या उमेदीच्या काळाहून कमी. जो म्हणतो "हे आता रक्तातच आहे, काही करता येत नाही," त्याला हे आकडे दाखवा.

स्वीडननं आणखी एक गोष्ट केली. तपासणीचे निकाल सगळ्यांसाठी खुले ठेवले, चांगलेही आणि वाईटही. सात जातींच्या हजारो कुत्र्यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोष कमी झालेला दिसलाच, शिवाय तपासणीवर झालेल्या खर्चापेक्षा वाचलेलं नुकसान जास्त भरलं. मला यातला खुलेपणा सगळ्यांत मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या ऑर्थोपेडिक फाउंडेशनमध्ये नापास निकाल मालकाच्या संमतीशिवाय लोकांसमोर येत नाही, आणि तेवढ्या फटीतून किती दोष पुढच्या पिढीत निसटत असतील! पास झालेलेच निकाल दाखवायचे असतील तर ती तपासणी जाहिरात होऊन बसते.

जर्मन शेफर्डची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडे अल्सेशियन म्हणून घराघरांत आलेलं हेच कुत्रं, आणि माणसानं आपल्याच हातानं त्याचं काय केलं ते इथे दिसतं. माक्स फोन श्टेफानित्स हे घोडदळातले निवृत्त कॅप्टन. १८९९ मध्ये त्यांनी कार्ल्सरूहच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात एक नर पाहिला, विकत घेतला, त्याला होरांड हे नाव दिलं आणि त्याच वर्षी स्थापन केलेल्या संघाच्या वहीत त्याची पहिली नोंद केली. मेंढरांमागे दिवसभर धावणारं, न थकणारं कुत्रं त्यांना हवं होतं. दिसण्यापेक्षा काम मोठं, असा त्यांचा कटाक्ष होता. पण सगळी जात मोजक्या नरांच्या रक्तावर उभी राहिली, आणि पुढे प्रदर्शनांतल्या बक्षिसांनी कामाची जागा घेतली. पाठ उतरती दिसावी, मागचे पाय लांब ताणलेले दिसावेत, यासाठी जोड्या लागू लागल्या. २००८ मध्ये बीबीसीनं जातिवंत कुत्र्यांच्या हालांवर माहितीपट दाखवला. त्यानंतर क्रफ्ट्स या जगप्रसिद्ध प्रदर्शनाचं प्रक्षेपणच बीबीसीनं थांबवलं. तरी २०१६ मध्ये त्याच क्रफ्ट्समध्ये जातीत सर्वोत्तम ठरलेली जर्मन शेफर्ड मादी जेव्हा रिंगणात चालली, तेव्हा तिची उतरती पाठ आणि अवघडलेले मागचे पाय बघून ब्रिटनभर संताप उसळला. सांगोल्याच्या शेतकऱ्यानं त्या मादीला बाजारात एकदा चालताना बघितलं असतं तर तो पुढच्या दावणीकडे गेला असता.

आपल्या मातीतली कुत्री बघा. लातूर-सोलापूर पट्ट्यातली पश्मी, कारवान, सीमेपलीकडचं मुधोळ. लांब पायांची, खोल छातीची, कमरेत बारीक. सशामागे, कोल्ह्यामागे धावायला ठेवलेली. जे धावेना त्याची जोड कुणी लावली नाही. तिथे कुणी एक्स-रे काढला नव्हता, पण माळरानच परीक्षा घेत होतं. जगभर नोंदलेल्या जातींतही ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या कुत्र्यांत हा खुब्याचा दोष अगदी क्वचित सापडतो, आणि दिसण्यासाठी पैदास केलेले बुलडॉग, पग सदोष खुब्यांच्या यादीत वरच्या रांगेत आहेत. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि आपल्या शहरांत पगची लाट आली. मागणी वाढली तशी जी मादी हाताला लागेल तिला फळवलं गेलं. आता ती लाट गोल्डन रिट्रीव्हर आणि हस्कीची आहे. जातीचं नाव बदलतं, आतला धंदा तोच.

त्या धंद्याचं काम कसं चालतं ते उघड बोलू. कुणाकडे मादी असते. ती माजावर आली की 'क्रॉसिंगसाठी नर पाहिजे' असा मेसेज फिरतो. नरवाला पैसे तरी घेतो किंवा वेतातलं पहिल्या पसंतीचं पिल्लू. दोघांच्याही हातात वंशावळीचा कागद असतो आणि तेवढाच पुरेसा मानला जातो. एक गाजलेला नर असेल तर वर्षभरात कित्येक माद्यांकडे नेला जातो. त्याच्या खुब्यात दोष असला तर तो शेकडो पिल्लांत पसरतो, आणि कळेपर्यंत त्या पिल्लांना पिल्लं झालेली असतात. यात प्रत्येक जण दुष्ट नसतो, हे मी मान्य करते. पुष्कळ जण कुत्र्यांवर मनापासून जीव टाकतात, स्वतः न जेवता मादीला खाऊ घालतात. काही थोडे जण आधीच एक्स-रे काढून परदेशातल्या तज्ज्ञांकडून तपासून घेतात, त्यांना माझा नमस्कार. पण जीव टाकणं आणि जबाबदारी घेणं यांत एका एक्स-रेचं अंतर आहे. ते अंतर बाकीच्यांनी कापलंच पाहिजे.

केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला पिल्लाचे आईबाप कोण हे सांगतो. त्यांचे सांधे कसे हे तो सांगत नाही. हा कागद म्हणजे आरोग्याची हमी अशी समजूत ग्राहकाच्या मनात रुजली आहे, आणि ती दूर करायला विकणाऱ्याला काहीच घाई नाही. कायद्याकडे बघावं, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ मध्ये श्वानपैदाशीचे नियम झाले. त्यानुसार ब्रीडरनं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. दीड वर्षाच्या आतल्या कुत्र्याची पैदास करता येत नाही. कुत्र्यांना मायक्रोचिप हवी, नोंदी हव्यात. माझी बिजली दीड महिन्याची असताना विकली गेली, म्हणजे तिथेच नियम मोडला होता आणि मला तो ठाऊक नव्हता. पैदाशीआधी पशुवैद्याचा दाखला हवा असं हे नियम म्हणतात, पण त्या दाखल्यासाठी खुब्याचा एक्स-रे काढलाच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही. ती सक्ती आपण मागायला हवी. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात, जिच्यामुळे संततीला वेदना भोगाव्या लागतील अशी पैदास करायला बंदी आहे. आपल्या कायद्यात ते वाक्य यायला काय हरकत आहे?

पण कायदा येईपर्यंत थांबू नका. हा बाजार आपल्या पैशांवर चालतो. आपण विचारायला लागलो तर तो सहा महिन्यांत बदलायला लागेल.

ब्रीडर बंधू-भगिनींनो, जोड लावण्याआधी नर आणि मादी दोघांचे एक्स-रे काढा. मोठ्या जातीत खुबा आणि कोपर, छोट्या जातीत गुडघ्याची वाटी. गुंगीचं औषध, फिल्म, डॉक्टरांची फी, हा सगळा खर्च वेतातल्या एका पिल्लाच्या किमतीतून निघतो. सात पिल्लांच्या वेतात हा खर्च परवडत नाही, असं तुम्ही मला सांगू नका. निकाल वाईट आला तर त्या मादीला घरात प्रेमानं ठेवा, पण तिची पिल्लं काढू नका. कितीही देखणी असली तरी, कितीही बक्षिसं आणली असली तरी. विकलेल्या प्रत्येक पिल्लाच्या घरी दोन वर्षांनी फोन करा. एखादं लंगडलं तर ते मान्य करा, तशी नोंद ठेवा, आणि ती जोडी पुन्हा लावू नका. एवढं केलंत तर तुमचं पिल्लू चार हजार रुपये महाग असलं तरी मी स्वतः लोकांना तुमच्या दाराशी पाठवीन.

डॉक्टरांनो, तुमचा शब्द घरातले लोक मानतात. नवं पिल्लू पहिल्या लसीला आलं की त्याचे खुबे हातानं तपासा. माणसाच्या तान्ह्या बाळाचा खुबा सैल आहे का हे बघायची ऑर्टोलानीची तपासणी कुत्र्याच्या पिल्लातही करता येते, हे मी तुम्हाला सांगायला नको. संशय आला तर तेव्हाच बोला. काही शस्त्रक्रिया पिल्लू वाढत्या वयात असतानाच उपयोगी पडतात. मग उरतं ते मांडीच्या हाडाचं डोकं कापून टाकणं किंवा महागडा कृत्रिम सांधा. आणि कुणी "एक वेत काढू, मग नसबंदी करू" म्हणत आलं, तर आधी एक्स-रे, हे ठामपणे सांगा. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शिरवळला आहे, नागपूरला विद्यापीठ आहे. महाराष्ट्रातल्या कुत्र्यांच्या खुब्यांची सगळ्यांना बघता येईल अशी नोंदवही ठेवायला याहून योग्य जागा कोणत्या?

प्रदर्शनांतल्या परीक्षकांनो, तुम्ही चषक देता त्या नराला दुसऱ्या दिवशी दहा माद्यांची मागणी येते. खुब्याचा निकाल हातात नसलेल्या कुत्र्याला पहिलं बक्षीस देऊ नका. कुत्रं कसं उभं राहतं यापेक्षा ते कसं चालतं, हे जास्त वेळ बघा.

आणि पिल्लू घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांना. तुमच्यातला कुणीतरी येत्या रविवारी मुलांना घेऊन पिल्लू बघायला निघाला असेल. गाडीत मुलांनी नावंही ठरवली असतील. तिथे गेल्यावर पिल्लाला लगेच मांडीवर घेऊ नका. घेतलंत की तुम्ही हरलात, हे मी अनुभवानं सांगते. आधी म्हणा, "हिची आई दाखवा." ती आली की म्हणा, "चालवून दाखवा." मागे जाऊन उकिडवे बसा आणि तिचे मागचे पाय बघा. मग आईबापांचे एक्स-रे मागा, त्यांवर तारीख आणि मायक्रोचिपचा नंबर आहे का बघा. आधीच्या वेतातली दोन पिल्लं कुठे गेली ते विचारा आणि त्यांच्या मालकांना तिथूनच फोन लावा. ब्रीडर चिडला, हसला, "एवढं कोण विचारतं" म्हणाला, तर मुलांचा हात धरा आणि परत या. मुलं रडतील. रडू द्या. त्यांना गाडीत सांगा की आपण ज्याला घरी आणणार आहोत, त्याला आपल्या जिन्यावरून दहा-बारा वर्षं चढायचं-उतरायचं आहे.